वाट आपली, खाते दुसऱ्याचे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घरी ‘धावणे’ या शब्दाला आजवर ठरलेले अर्थ होते. एस. टी. सुटत असेल तर धावायचे, शेळी कुणाच्या वावरात शिरली तर धावायचे आणि अवकाळी पावसाचे थेंब पडू लागले की वाळत घातलेली मिरची उचलायला धावायचे. काही एक निमित्त नसताना पहाटे साडेचारला उठून, बुटाची नाडी बांधून धावणारी मी आमच्या घराण्यातील पहिलीच. कॉलेजात येणारीही पहिलीच. त्यामुळे आईने ही दोन्ही खुळे एकाच गाठोड्यात बांधून ठेवली आहेत. “काहाले धावते वं पोरी, मागं वाघ लागला का?” असे ती अजूनही विचारते.

वाघ नाही, भरती लागली आहे. मी पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याखेरीज १०० मीटर आणि गोळाफेक. वसतिगृहातील आमच्या खोलीत आम्ही चौघी राहतो, त्यांपैकी तिघी भरतीच्या वाटेवर. लॉ कॉलेज चौकातून रविनगरकडे, तेथून फुटाळ्याच्या काठापर्यंत आणि त्याच वाटेने परत, असा आमचा नेम. जानेवारीत फुटाळ्यावर धुके असते, मे महिन्यात पहाटे पाचलाही डांबर कोमट असते. या महाविद्यालयातील अनेकांची पहाट अशीच जाते, हे मला ठाऊक आहे. कारण पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांत आम्हीच पुष्कळ असतो. सरांनी व मॅडमनी याबद्दल आम्हांला क्षमा करावी.

मला आज जे म्हणायचे आहे ते मात्र डुलक्यांबद्दल किंवा भरतीबद्दल नाही. ते वाटेबद्दल आहे. आपण ज्या वाटेने धावलो, तिची नोंद कुणाची, असा माझा साधा प्रश्न आहे.

दीड वर्षापूर्वी खोलीतील एका ताईने माझ्या मोबाइलमध्ये धावण्याची नोंद ठेवणारे एक ॲप घालून दिले. या ॲपचे नाव मी येथे देत नाही, कारण माझे भांडण कुणा एकाशी नसून एका रीतीशी आहे. मोबाइल खिशात ठेवून धावायचे. परत आल्यावर नकाशावर आपल्या वाटेची लाल रेघ उमटलेली दिसते. किती अंतर, किती वेळ, कोठे दम लागून वेग मंदावला, हे सारे दिसते. पहिल्या दिवशी ती रेघ पाहून मला केवढा आनंद झाला! ज्या नागपुरात मला सुरुवातीला सीताबर्डीहून वसतिगृहात परत येताना तीनदा रस्ता विचारावा लागे, त्या नागपूरच्या नकाशावर आता माझ्या पायांनी रेघ ओढली होती. प्रत्येक धावेला मी मराठीत नाव देऊ लागले. ‘फुटाळा, धुके’. ‘पाय दुखला’. ‘निकालाचा दिवस’. ही माझी रोजनिशीच होऊन बसली.

त्या रोजनिशीत एक नोंद वेगळी होती. आमचे जुने गाव कुही तालुक्यातले. १९८८ साली राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे वर्षानुवर्षे काम चालले, पाणी चढत गेले आणि आमचे गाव त्या पाण्यात गेले. मी तेव्हा अगदी लहान. आम्ही नव्या गावठाणात राहायला आलो. मला जुने गाव आठवते ते आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, बोलण्यातून. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीत गेले असताना पाणी बरेच मागे हटले होते. आबाजींनी अंगणातून हात करून दाखवले, “थ्या बाभळीपासून उजवीकडं वळजो. मंग मारोतीचा ओटा लागते. तेथून आमी नदीवर जात होतो.” मी धावत गेले. बाभूळ होती. ओटा अर्धा गाळात होता. पुढे वाट चिखलात आणि चिखलातून पाण्यात शिरली होती. जेथवर पाय टेकत होता तेथवर गेले आणि परत आले. खिशातल्या मोबाइलवर रेघ उमटली होती. साडेतीन किलोमीटर. आबाजींना ती रेघ दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाले, “इथंच व्हती.” मी त्या धावेला नाव दिले, ‘आबाजीची वाट’. तेव्हापासून पाणी पुन्हा चढले आहे. माझ्या माहितीत त्या वाटेची दुसरी नोंद कोठेही नाही.

आता झाले असे की, आमच्या भरतीच्या सरांनी सगळ्या मुलामुलींना दुसऱ्या एका ॲपवर यायला सांगितले, म्हणजे त्यांना सर्वांची प्रगती एका ठिकाणी पाहता येईल. मागणी रास्त होती. त्याच सुमारास माझ्या जुन्या ॲपने कळवले की, जुन्या नोंदी पाहायच्या असतील तर यापुढे महिन्याला पैसे भरा. मी म्हटले, ठीक आहे. माझ्या नोंदी मला द्या, मी त्या दुसरीकडे नेते. पण द्या कसे म्हणायचे? मोबाइलमध्ये तशी कळच नव्हती. शोधता शोधता कळले की, संगणकावरून संकेतस्थळावर जावे लागते, तेथे एका कोपऱ्यातल्या यादीत एक पर्याय असतो, आणि तोही एका वेळी एकाच धावेचा. माझ्या धावा त्रेसष्ट. कॅफेवाला तासाचे पैसे घेतो.

तेव्हा एका मैत्रिणीच्या भावाने सांगितले की, अशा कामासाठी वेगळी साधने निघाली आहेत. एका ॲपमधील वाटा उचलून दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन ठेवणे, एवढेच त्यांचे काम. आपल्याकडे घर बदलताना हातगाडी सांगतात, तसलाच हा प्रकार. मला वाटले, चला, प्रश्न सुटला. परंतु पहिल्याच साधनाने दोन्ही खात्यांचे पासवर्ड मागितले. हातगाडीवाल्याला सामान देतात, घराच्या किल्ल्या देत नाहीत, एवढी अक्कल आम्हां खेड्यातल्यांनाही असते. मी तेथून परतले. दुसऱ्या साधनाची पद्धत बरी होती. ते स्वतः पासवर्ड घेत नव्हते. ते आपल्याला मूळ ॲपच्याच दारात नेऊन सोडत होते, आणि तेथे आपण ‘याला फक्त माझ्या धावा वाचू द्या’ अशी परवानगी द्यायची होती. ही परवानगी पुढे केव्हाही काढून घेता येते. किल्ली देणे आणि वसतिगृहाच्या फाटकावर पाहुण्याची चिठ्ठी देणे यांत जो फरक, तोच हा फरक.

वाटा गेल्या. त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न पोचल्या, पाच कोठे गळाल्या ते कळले नाही. ज्या पोचल्या त्यांच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी आल्या. ‘आबाजीची वाट’ पोचली, पण तिचे नाव झाले ‘??????? ???’. मी तारखेवरून तिला ओळखले. आणि तिसरी गोष्ट आमच्या ताईच्या लक्षात आली, माझ्या आली नव्हती: जुन्या ॲपमध्ये मी सर्व धावा फक्त स्वतःसाठी ठेवल्या होत्या, नव्या खात्यात त्या सगळ्यांना दिसतील अशा उघड्या पडल्या होत्या. प्रत्येक रेघ आमच्या वसतिगृहाच्या फाटकापाशी सुरू होत होती. एक मुलगी कोणत्या फाटकातून, अंधारात, किती वाजता एकटी बाहेर पडते आणि कोणत्या रस्त्याने परत येते, याचे वेळापत्रकच आम्ही जगासमोर टांगले होते. त्या रात्री आम्ही दोघींनी एकेक धाव उघडून बंद केली.

या सगळ्या भानगडीमुळे मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. भूगोल हा माझा विषय असल्याने तो मला आवडलाही. जे कळले ते थोडक्यात सांगते.

आपण नकाशावर जी रेघ पाहतो ती वस्तुतः बिंदूंची यादी असते. मोबाइल उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून आपला अक्षांश-रेखांश काढतो आणि दर काही क्षणांनी टिपून ठेवतो. नागपूर साधारण २१.१५ उत्तर आणि ७९.०८ पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; तेव्हा दशांश चिन्हानंतर पाच आकडे लिहिले की आपण सुमारे एका मीटरपर्यंत बारीक लिहू शकतो. अर्थात लिहिणे बारीक असले तरी मोजणे तितके बारीक नसते. झाडाखाली किंवा उंच इमारतींजवळ रेघ काही मीटर इकडेतिकडे सरकते. अमेरिकेने नागरिकांना मिळणाऱ्या जी. पी. एस. संकेतांत मुद्दाम ठेवलेली खोट मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून असली सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

या बिंदूंची यादी एका साधनातून दुसऱ्यात नेता यावी म्हणून २००२ साली ‘जी. पी. एक्स.’ नावाची एक खुली लेखनपद्धत निघाली. ती वापरायला कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. ती फाइल साध्या लिखाणाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर डोळ्यांनी वाचता येते: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ, पुन्हा अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. मजा अशी की, या पद्धतीत दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. एक, जायचे ठरवलेली वाट. दुसरी, प्रत्यक्ष गेल्याचा माग. आपल्या भाषेत ‘वाट’ आणि ‘माग’ हे दोन शब्द फार पूर्वीपासून आहेतच. गार्मिन कंपनीच्या टी. सी. एक्स. आणि फिट या आणखी दोन पद्धती आहेत. त्यांत हृदयाचे ठोके, फेऱ्या वगैरे तपशील राहतात. एका पद्धतीतून दुसरीत जाताना काही तपशील गळतात. मराठी नावे लिहिण्याची सोय मात्र जी. पी. एक्स.मध्ये पहिल्यापासून आहे. म्हणजे माझ्या नावांची जी प्रश्नचिन्हे झाली तो पद्धतीचा दोष नव्हे. मध्ये कुणीतरी देवनागरीचा विचारच केला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आणि हेही कळले की, नोंद कुणी पाहावी व कुणी पाहू नये, हे त्या फाइलीत लिहिलेलेच नसते. फाइलीबरोबर वाट जाते, दाराची कडी जात नाही. ती नव्या घरी पुन्हा आपणच लावावी लागते.

आता माझे म्हणणे मांडते.

माझे म्हणणे असे की, ज्याच्या पायांनी वाट झाली त्याची ती नोंद. ॲपने ती ठेवली, सजवली, तिचे आलेख काढले. या श्रमांचे मोल त्याने जरूर घ्यावे. पण सामान ठेवायला खोली भाड्याने दिली म्हणून सामान घरमालकाचे होत नाही. खोली सोडताना ते उचलून नेण्याचा हक्क हवा, आणि तो सबंध घेऊन जाता यावा. एका खेपेला एक भांडे, अशा अटीवर नव्हे.

ही काही आकाशातून पडलेली मागणी नाही. आपल्या देशात २० जानेवारी २०११ पासून सर्वत्र मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यापूर्वी नंबर जाईल या भीतीने माणसे नको असलेल्या कंपनीत अडकून राहत. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशन कार्डाची अशीच सोय प्रथम सुरू झाली आणि नंतर ती देशभर गेली. त्यामुळे कामासाठी परमुलखात गेलेल्या मजुराला तेथे धान्य उचलता येते. आपल्या कॉलेजचेच पाहा. दुसरीकडे प्रवेश घ्यायचा तर येथून टी. सी. मिळते, गुणपत्रिका आपल्याच हाती असते, आणि आता तर श्रेयांकांची बँक निघाली आहे, म्हणजे एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत नेता यावेत. नंबर नेता येतो, धान्याचा हक्क नेता येतो, अभ्यास नेता येतो; मग धावलेली वाटच का अडकून पडावी?

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने हा हक्क नागरिकांना दिला आहे: स्वतः दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा सर्वसाधारण पद्धतीत परत मिळावी आणि दुसरीकडे नेता यावी. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये जो मसुदा केला त्यात माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता; २०१९ च्या विधेयकातही तो होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले. त्यानंतर २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात आपली माहिती विचारण्याचा, दुरुस्त करवून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे; पण ती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नाही. म्हणजे घरमालकाला मी ‘माझे सामान जाळून टाका’ असे म्हणू शकते, ‘माझे सामान मला न्यायचे आहे’ असे हक्काने म्हणू शकत नाही. हा हक्क पुन्हा कायद्यात यावा, असे मला वाटते. आपल्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला यंदा हा विषय ठेवला तर निदान चर्चा तरी होईल.

कुणी म्हणेल, ॲप काय पळून जाते आहे? पळून जातात. डेन्मार्कमध्ये २००७ साली सुरू झालेले ‘एन्डोमोंडो’ हे धावणाऱ्यांत पुष्कळ वापरले जाणारे ॲप २०१५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने विकत घेतले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ते बंद झाले. ज्यांनी वेळेत आपल्या नोंदी उतरवून घेतल्या त्यांच्या राहिल्या. जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या सेवेवर संगणकी हल्ला झाला आणि काही दिवस जगभरच्या धावपटूंना आपल्याच नोंदी पाहता येईनात. गाव कायमचे आहे असे आमच्या लोकांनाही वाटले होते.

आता दुसरी बाजू. वाटा मोकळ्या झाल्या की सर्व काही गोड होते असे नाही, हे वसतिगृहाच्या फाटकाने मला शिकवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या ॲपने जगभरच्या धावांचा एक चमकता नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियातील वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की, ओसाड मुलखात जेथे रेघा चमकत आहेत तेथे सैन्याचे तळ आहेत. सैनिक व्यायामाला धावत होते आणि नकाशा त्यांचा पत्ता सांगत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच वृत्तपत्राने राष्ट्रप्रमुखांच्या अंगरक्षकांच्या धावांवरून त्यांचे मुक्काम शोधता येतात हे दाखवले. ज्यांना शस्त्रे आहेत त्यांची ही गत, तर फुटाळ्यावर अंधारात धावणाऱ्या मुलीची काय कथा? म्हणून वाटा नेण्याचा हक्क मागताना त्याच श्वासात कडी लावण्याचा हक्कही मागितला पाहिजे. नवीन ठिकाणी आलेली प्रत्येक जुनी धाव आपोआप बंद असावी; उघडायची असेल तर ज्याची त्याने उघडावी. घराजवळचा काही भाग नकाशावरून झाकण्याची सोय काही ॲपमध्ये आहे. ती साऱ्यांत असावी आणि न मागता मिळावी. मधल्या साधनाने आपले काम झाले की परवानगी सोडून द्यावी, नोंदींची प्रत स्वतःपाशी ठेवू नये.

आमच्या एका सरांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “अगं, धावलीस ना? दम वाढला ना? तो तर कुणी काढून घेतला नाही. मग त्या आकड्यांचे काय लोणचे घालायचे आहे?” सरांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत पायी धावत जात होता तेव्हा त्याच्या खिशात कोणते ॲप नव्हते. तरी पुढे तो ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम करता झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावला. पाय नोंदीवर चालत नाहीत हे खरे.

परंतु सर, ज्यांच्या घरात तीन पिढ्यांचे फोटो, पत्रे, पदव्या भिंतीवर आहेत त्यांना नोंद ही हौस वाटू शकते. आमच्या घरात कागद म्हणजे एक पत्र्याची पेटी. त्यात रेशन कार्ड, जातीचा दाखला, आबाजींचे एक धूसर छायाचित्र आणि आता माझी दहावी-बारावीची गुणपत्रिका. ज्याच्या हाती कागद त्याची बाजू खरी, हे आम्ही शाळेत जाण्याआधी शिकलो. आमची माणसे चालली पुष्कळ. निंदणाला, कापणीला, बाजाराला, वीटभट्टीवर. त्या चालण्याची ओळ कोठे नाही. आणि आज पहिल्यांदा आमच्यापैकी कुणाच्या चालण्या-धावण्याची ओळ उमटते आहे, तर तीही दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हावी काय?

हा प्रश्न आपल्या शहराला तरी नवा वाटू नये. आपण रोज ज्याच्या बाजूने जातो त्या झिरो माइलच्या स्तंभावर नि त्या चार घोड्यांवर आपली नजर क्वचितच ठरते. तेथील मोजणीचा दगड १९०७ सालचा. देश मोजण्याच्या त्या प्रचंड सर्वेक्षणाच्या परंपरेतला. ते सर्वेक्षण विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासेहून सुरू केले. १८२३ मध्ये हैदराबादेहून नागपूरकडे येत असताना हिंगणघाट येथे तो मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. पण साखळी ओढणारे, निशाणे घेऊन टेकड्या चढणारे, जंगलात वाट पाडणारे आपलेच लोक होते, आणि त्यांच्या पायांनी झालेल्या नकाशावर त्यांचा हक्क नव्हता. तो नकाशा सरकारच्या कपाटात राहिला. स्वातंत्र्यानंतरही नकाशे वापरायला अनेक परवानग्या लागत. त्यांतील पुष्कळशा बंधनांतून फेब्रुवारी २०२१ च्या नव्या धोरणाने भारतीयांची सुटका केली. सरकारच्या कपाटातून नकाशा बाहेर आला आणि आता तो कंपन्यांच्या कपाटात जाऊन बसतो आहे, असे होऊ नये.

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून दोन सूचना करते. एक आपणा विद्यार्थ्यांसाठी. परीक्षेच्या नोट्सची आपण जशी झेरॉक्स काढून ठेवतो, तशी दर सत्राच्या शेवटी आपल्या धावांची प्रत उतरवून घ्यावी आणि ती स्वतःपाशी ठेवावी. मधले साधन वापरायचे तर पासवर्ड मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये, काम झाल्यावर परवानगी काढून घ्यावी आणि नव्या खात्यात गेल्याबरोबर आधी कडी लावावी. मुलींनी तर हे विसरूच नये.

दुसरी सूचना भूगोल विभाग आणि जिमखान्यासाठी. आपल्या कॉलेजात काटोल, उमरेड, कुही, रामटेक, पारशिवनी येथून मुले येतात. प्रत्येकाच्या गावाकडे एखादी वाट असतेच. शेताची, देवळाची, बाजाराची, नदीची. त्यांतील कितीतरी नकाशावर नाहीत आणि काही पुढल्या दहा वर्षांत रस्त्याखाली किंवा पाण्याखाली जातील. सुट्टीत जाताना ज्याची इच्छा असेल त्याने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून अशी एक वाट चालावी, जी. पी. एक्स.मध्ये उतरवावी, तिचे गावातले नाव मराठीत लिहावे आणि कॉलेजला द्यावी; घराच्या दारापासचा तुकडा कापून. २००४ पासून चालत आलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या साऱ्यांच्या खुल्या नकाशालाही अशा वाटा देता येतात. याला निधी लागत नाही, मोबाइल तर सर्वांच्या खिशात आहेच. प्रात्यक्षिक वहीत आपण दरवर्षी त्याच त्या समोच्च रेषा काढतो; त्यांच्या जोडीला ही एक खरी रेघ असू द्यावी.

माझ्यापुरते सांगायचे तर ‘आबाजीची वाट’ आता तीन ठिकाणी आहे: नव्या ॲपमध्ये, एका पेन ड्राइव्हमध्ये आणि कागदावर छापून. त्या प्रश्नचिन्हांच्या जागी मी पुन्हा मराठीत नाव लिहिले. छापलेला कागद दिवाळीला घरी नेला. आईने विचारले, “हे काय व्हय?” मी सांगितले. तिने कागद पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि मग काही न बोलता पत्र्याची पेटी उघडून, रेशन कार्डाच्या खाली, नीट घडी घालून ठेवला.